रुबीनला जाताना काढलेला फोटो

अम्मान,
शुक्रवार, ८ मे १९९८

चि. रिफअत यास बहिय्याचे अ. आ.

काल, गुरुवार ७ मे १९९८ रोजी, संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी, जबल लुवैबदेवरच्या नव्या हॉलच्या डाव्या भिंतीवर आपल्या घरादाराचा जाहीर अपमान झालेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. वेळ घड्याळात बघून लगेच टिपून ठेवली. उद्या कुणी मला वय झालं म्हणून सांगायला नको.

आपलं याफा शहर सोडून पन्नास वर्षं झाली, म्हणून तिथे प्रदर्शन भरलं आहे. देशोदेशी पांगलेल्या आपल्या माणसांचे घरचे फोटो, आणि प्रत्येक फोटोशेजारी त्या घरातल्या कुणीतरी सांगितलेली हकिगत. कल्पना चांगली आहे, मी कशाला नावं ठेवू? पस्तीस वर्षं मुलींना भूगोल शिकवताना नकाशावरच्या ठिपक्यावर छडी ठेवून याफा म्हणायचे, तेव्हा मलाही वाटायचं की ठिपका दाखवून काय होणार, तिथलं एखादं माणूस दाखवता आलं पाहिजे. म्हणून इस्त्रीचे कपडे घालून, शेजारणीलाही न सांगता, एकटीच गेले.

अकराव्या फोटोत याबा होते.

रिफअत, माझ्या बापाला मी पन्नास वर्षांनी पाहिलं. घरात त्यांचा एकही फोटो नाही असं यम्माने मला मरेपर्यंत सांगितलं. मिशा आठवायच्या, हात आठवायचे, चेहरा केव्हाच पुसट झाला होता. आणि तो चेहरा पाहायला मला शाळेच्या पोरींच्या मागे रांगेत उभं राहावं लागलं. पुढे त्यांची बाई उभी होती. तिने मान हलवून पोरींना सांगितलं की बघा गं, बिचारे कसे गाठोडी घेऊन निघालेत. खाली कागद चिकटवलेला होता: याफाहून पलायन, एप्रिल १९४८. शेजारी हकिगत, आणि तळाला लिहिलेलं होतं की सांगणारा र., माँट्रियल.

बिचारे! तो फोटो पलायनाचा नाही, रुबीनला जातानाचा आहे. सन १९४६, ऑगस्टची अखेर. तुला रुबीन काय ठाऊक असणार, तू तेव्हा दुपट्यात होतास. दर उन्हाळ्यात अख्खं याफा उठायचं आणि दक्षिणेला नबी रुबीनच्या दर्ग्याजवळच्या वाळूत महिनाभर तंबू ठोकून राहायचं. गाद्या, पातेली, कोंबड्या, म्हाताऱ्या, सगळं उंटावर चढायचं. बायका निघण्याआधी हातापायांना मेंदी लावायच्या. तिथे रात्रंदिवस गाणी, नाटकं, मिठाईची दुकानं. एखाद्या नवऱ्याने यंदा रुबीनला नाही म्हटलं तर बायको माहेरी निघून जायची. त्या वाटेवर एक अर्मेनियन फोटोवाला तीन पायांचा कॅमेरा लावून बसायचा. त्यानेच तो काढला. नीट बघ. माझ्या डोक्यावर तांब्याची परात आहे आणि मी तोंडभर हसते आहे. यम्मा पदराआड हसते आहे. घर सोडून पळताना कुणी असं हसतं का?

मी पर्समधून पेन काढून त्या कागदावर ‘साफ खोटं’ असं लिहिलं. पहारेकऱ्याने आरडाओरडा केला. मी त्याला सांगितलं की आवाज खाली, मी त्या परातीखालची मुलगी आहे. मग टेबलापाशी बसणारी लमीस नावाची पोर आली. गोड आहे, पण केस विंचरत नाही. ती म्हणाली की मावशी, फोटो ज्यांनी दिला त्यांचं लेखी पत्र आल्याशिवाय मला एक अक्षरही बदलता येणार नाही.

तेव्हा पहिला सवाल: चूक तुझी की त्यांची? दुसरा सवाल याहून मोठा आहे. हा फोटो तुझ्याकडे आला कुठून? कुवेत सोडून आलास तेव्हा दोन वर्षं माझ्या घरी राहिलास, रोज माझ्या हातची मुलोखियाची भाजी भातावर ओतून खाल्लीस, मीठ कमी म्हणून नाकही मुरडलंस, आणि इतके दिवस तुझ्याजवळ याबा होते?

फोन करू नकोस. फोनवर तू लाडात येतोस आणि मी विरघळते. समीरा आणि रंद यांना आशीर्वाद.

रागावलेली पण तुझीच,
बहिय्या


माँट्रियल,
२० मे १९९८

ती. बहिय्याताईस रिफअतचा सलाम वि. वि.

तुझं पत्र परवा आलं. पाकीट हातात घेताच समीरा म्हणाली की जरा बाजूला बसून उघडा, नुसतं गरम लागतंय. रंदने ‘मी त्या परातीखालची मुलगी आहे’ हे वाक्य तीनदा वाचून घेतलं आणि आता घरात कुणी तिला काही सांगितलं की तेच म्हणते. तुझी भाची शोभते.

आधी दुसऱ्या सवालाचं उत्तर देतो, कारण त्यात मी गुन्हेगार आहे. फोटो यम्माने मला दिला. कुवेतला, तिच्या शेवटच्या आजारपणात. उशीच्या अभ्र्याच्या आत शिवून ठेवलेला होता. तिने माझ्याकडून वचन घेतलं की बहिय्याला दाखवायचा नाही, तिला सोसणार नाही, ती रडेल. मी म्हटलं की ताई आणि रडणार? ती म्हणाली की तुला तुझी बहीण माहीत नाही. मरत्या आईला दिलेला शब्द मोडवेना, एवढंच. माफ कर.

आता पहिला सवाल. ताई, रागावू नकोस, पण चूक तुझी होते आहे. तो फोटो निघालो त्याच दिवसाचा आहे. मी लहान असताना, आपण अम्मानला अश्रफिय्याच्या त्या एका खोलीत राहायचो तेव्हा, तू शाळेत गेलीस की यम्मा तो काढायची आणि मला दाखवायची. हे बघ, याबांनी तुला उचललंय. हे बघ, आपलं सामान. आणि ते सगळं मला आठवतंही. त्यांच्या दाढीचे खुंट गालाला टोचत होते. बोटांना संत्र्याच्या सालीचा वास होता. वाळूत त्यांचे पाय रुतत होते आणि मी हिंदकळत होतो. रामल्यापर्यंत ते आपल्याबरोबर आले, तिथे मला यम्माच्या हातात दिलं, आणि मग संत्र्यांची वखार बघायला परत गेले. रुबीनची जत्रा मी ऐकून आहे. पण दर वर्षी तीच वाळू, तेच उंट. एखाद्या वर्षाची गोष्ट दुसऱ्यात मिसळणं सोपं आहे. चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासलास?

तुला एक सांगतो, जे मी समीराशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. नव्वदच्या ऑगस्टमध्ये कुवेत सोडलं तेव्हा गाडीत समीरा, रंद, चार बॅगा आणि पाण्याचा डबा. बगदादच्या रस्त्यावर गाडी बंद पडली. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस मी, रस्त्याच्या कडेला बसून रडायच्या बेतात होतो. शर्टाच्या खिशातून तो फोटो काढला. सगळं मागे टाकून निघालेला माणूस पोराला कडेवर घेऊन इतका शांत चालू शकतो, तर मलाही जमेल असं वाटलं. उठलो आणि गाडी ढकलायला लागलो.

म्हणून इथल्या सभेत लमीसच्या लोकांनी विचारलं की तुमच्याकडे काय आहे, तेव्हा मी तो काढून दिला आणि हकिगत सांगितली. लोक रडले, ताई. आता ती खोटी होती असं मी पत्राने कळवू?

इथे अजून स्वेटर लागतो. तुझ्याकडे जर्दाळू आले असतील. माझ्या वाटचे तूच खा, आणि राग आवरून लोभ तेवढा राहू दे.

तुझा,
रिफअत


अम्मान,
सोमवार, १ जून १९९८

चि. रिफअत यास अ. आ.

चष्म्याचा नंबर मार्चमध्ये तपासला. डॉक्टर म्हणाले की बाई, तुम्ही सुईत दोरा ओवू शकता.

तू इंजिनियर आहेस ना? मग पुरावा बघ. तुझा जन्म ऑक्टोबर पंचेचाळीसचा. फोटोत तू याबांच्या एका हातावर बसला आहेस आणि तुझ्या उघड्या तोंडात खाली दोनच दात आहेत. अठ्ठेचाळीसच्या एप्रिलमध्ये तू अडीच वर्षांचा दांडगट होतास. तुझे सगळे दात आले होते, माझ्या दंडावर त्यांचा वण अजून आहे. पुढे बघ. यम्माच्या पावलांवर मेंदी आहे. बंदरावर तोफगोळे पडत असताना तिने मेंदी भिजवली असेल का? आणि उंट? आपण उंटावरून गेलोच नाही. आपण संत्र्यांच्या ट्रकमधून गेलो, रिकाम्या खोक्यांवर बसून, आणि वाटेत वाळूचा एक कणही नव्हता.

आमच्या सिस्टर मारी-आंज शिकवायच्या की खोटं बोलणं पाप आणि खोटं ऐकून गप्प बसणं त्याहून मोठं पाप. मी मुसलमानाची पोर, पण त्या ननने माझ्यात ते असं ठोकून बसवलं की अजून निघत नाही. म्हणून लिहिते.

याबा रामल्यापर्यंत आले नाहीत. ते गल्लीच्या तोंडापर्यंतही आले नाहीत. मंगळवार होता, सत्तावीस एप्रिल, सकाळचे सहा. वखारीत शेवटच्या हंगामाची चारशे खोकी संत्री कागदात गुंडाळून तयार होती आणि बोट लागत नव्हती. ते म्हणाले की खोकी बोटीवर चढली की शुक्रवारी येतोच. उंबऱ्यात उभे होते, हातात त्या पातळ कागदांची चळत तशीच होती. त्यांनी कुणाला जवळ घेतलं नाही, कुणाची पापी घेतली नाही. चार दिवसांसाठी जाणाऱ्यांचा कुणी निरोप घेतं का? मला म्हणाले की परात विसरू नकोस. तेवढंच. त्या शुक्रवारी ते आले नाहीत, पुढच्याही नाही. मग याफा पडलं, आणि त्यांचं काय झालं ते सांगणारा माणूस आजवर भेटला नाही.

आणि तुला त्यांनी उचललं नाही. तू झोपेत होतास. तुला ट्रकपर्यंत मी उचलून नेलं. रामल्यापर्यंत आणि पुढे डोंगरावरच्या रामल्लापर्यंत तू माझ्या मांडीवर होतास. साडेबारा वर्षांची होते मी. हात बधिर झाले होते, पण खाली ठेवलं नाही. पन्नास वर्षांत मी हे कधी बोलून दाखवलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय आहे? पण भिंतीवर, पोरीबाळींसमोर, माझे हात पुसून टाकून तिथे दुसऱ्याचे लावलेले मला चालणार नाहीत. ते दुसरे हात याबांचे असले तरी.

माझं म्हणणं एवढंच नाही. त्या हॉलमध्ये ऐंशी फोटो आहेत आणि बहुतेकांत आपण पळतो तरी आहोत किंवा तंबूसमोर भांडं घेऊन उभे तरी. त्या पोरींना वाटत असेल की आपण जन्मलोच डोक्यावर गाठोडं घेऊन. एका फोटोत आपण मजा करायला निघालो आहोत, आणि त्यालाही तू पळायला लावलंस.

कागद बदलून घे.

बहिय्या


(पोस्टकार्ड)
अम्मान, मंगळवार, २ जून

चि. रिफअत यास अ. आ.

काल टाकलेलं पत्र उघडू नकोस. मी पोस्टात जाऊन परत मागितलं, पण तिथला ढिम्म माणूस म्हणाला की पेटीत पडलेलं पत्र सरकारचं. हे कार्ड आधी पोचलं तर ते पत्र तसंच समीराकडे दे आणि ती काय म्हणते ते ऐक. याबा रामल्यापर्यंत आले असं यम्माने तुला का सांगितलं ते मला आज सकाळी चहा घेताना कळलं. कळायला पन्नास वर्षं लागली; भूगोलाच्या बाईला एवढीच अक्कल.

बहिय्या


माँट्रियल,
१६ जून १९९८

ती. ताईस सलाम वि. वि.

पत्र आधी आलं, कार्ड चार दिवसांनी. तुझ्या पोस्टवाल्यापेक्षा आमचा जास्त निष्ठुर आहे.

फोटोची प्रत माझ्याकडे आहे. ती भिंगाखाली धरली. दोन दात आहेत. मेंदीही आहे. आणखी एक गोष्ट दिसली, जी मी इतक्या वर्षांत पाहिलीच नव्हती: याबाही हसताहेत, मिशांच्या खाली, ओठ दाबून, कॅमेऱ्यासमोर हसणं बरं दिसत नाही म्हणून. मी त्याला धीर म्हणत होतो.

तीन दिवस मी घरात सगळ्यांवर चिडत होतो. समीराने शेवटी सुनावलं की बहिणीने पन्नास वर्षं हात दुखल्याचं सांगितलं नाही, तुम्ही तीन दिवसांत घर डोक्यावर घेतलंत.

सोबत लमीसच्या नावे पत्र जोडलं आहे. त्यात नवा मजकूर असा दिला आहे: शाकिर सक्का, त्यांची बायको झकिय्या, मुलगी बहिय्या आणि मुलगा रिफअत, रुबीनच्या जत्रेला जाताना, ऑगस्ट १९४६. माझी हकिगत काढून टाकायला सांगितली आहे. तिथे काय लावायचं ते तू लिही. प्रदर्शन संपून फोटो परत आला की तो तुझ्याकडेच राहील, तसंही कळवलं आहे. यम्मा रागावली तर वर गेल्यावर माझं मी बघीन.

ताई, मी भांडत नाही. तू म्हणतेस तेच खरं. पण आठवण जात नाही, याचं काय करू? खोटी आहे हे कळलं, तरी खुंट अजून टोचतात. यम्माने ती इतक्या वेळा सांगितली की माझ्या गालाला ती पाठ झाली. आता ती कुणाला सांगता येणार नाही, रंदलाही नाही. बावन्न वर्षांच्या माणसाचा बाप दुसऱ्यांदा हरवला, असं म्हटलं तर हसशील. हसू नकोस.

आणि तुझ्या मांडीवर मी किती जड होतो?

तुझा,
रिफअत


अम्मान,
रविवार, २८ जून १९९८

चि. रिफअत यास अनेक अनेक आशीर्वाद.

बराच जड होतास. तोंडातून लाळ गळत होती आणि फ्रॉकचा पुढचा सगळा भाग भिजला होता. यम्मा म्हणाली की दे इकडे, मी दिलं नाही. बस, यावर आणखी काही विचारू नकोस.

कागद काल बदलला. लमीसने मलाच चिकटवायला लावला. वाकडा लागला असता, पण पहारेकरी मागे उभा राहून उजवी बाजू वर, अजून वर, असं करत होता. आता आमचं बरं जमतं. हकिगतीच्या जागी मी रुबीनबद्दल लिहून दिलं: तंबूत काय शिजायचं, रात्री कोण गायचं, यम्मा नदीवर जायची तेव्हा कुणाची टिंगल करायची. आज शाळेच्या दुसऱ्या पोरी आल्या होत्या. त्यातली एक उंटाला बघून खिदळली आणि बाईंनी तिला दटावलं. मी बाईंना सांगितलं की हसू द्या, हा हसायचाच फोटो आहे. मग ती पोर मला विचारते की मावशी, तिथे आइस्क्रीम मिळायचं का? मी म्हटलं, मिळायचं, आणि याबा दोन द्यायचे.

हे मी खोटं सांगितलं. एकच द्यायचे. तोंडातून निघून गेलं आणि मला वाईटही वाटलं नाही. तेव्हा यम्मा काय करत होती ते पुरतं कळलं. मी शाळेत गेले की तू विचारत असणार, याबा कुठे, याबा आपल्याबरोबर का आले नाहीत. तिच्याजवळ तेवढा एकच फोटो होता, त्यात सामान होतं आणि त्यांच्या हातावर तू होतास. तिने त्यांना आपल्याबरोबर घेतलं. मी पाहिला असता तर लगेच म्हटलं असतं की हे रुबीन आहे. म्हणून माझ्यापासून लपवला. मी रडेन म्हणून नव्हे. मी खरं बोलेन म्हणून.

रिफअत, भिंतीवर खरंच हवं, त्यात मी एक अक्षर मागे घेणार नाही. पण घरातल्या घरात एक मागते. मला जे आठवतं त्यात याबा उंबऱ्यात उभे आहेत. पन्नास वर्षं तिथेच आहेत. मी डोळे मिटून किती वेळा पाहिलं, ते पायरी उतरतच नाहीत. तुझ्या आठवणीत ते रामल्यापर्यंत आले. तर ती आठवण टाकून द्यायची नाही. ती सगळी मला लिहून पाठवायची. ट्रकमध्ये ते कुठे बसले? वाटेत काय बोलले? यम्मावर खेकसले का, ते नेहमी खेकसायचे तसे? रामल्याला उतरताना काय म्हणाले? तू आजवर सांगितलंस त्यात मी कुठेच नाही. मला त्यात बसव. मी त्यांच्या शेजारी होते का, त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला का, ते लिही. आठवत नसेल तर यम्मासारखं कर. मी तपासणार नाही, लाल पेन हातात घेणार नाही.

सोळा जुलैला पेट्या बंद होऊन फोटो ट्युनिसला जातो, मग वर्षभर फिरत राहणार. तो भिंतीवर आहे तोवर मला ते पत्र याबांच्या समोर उभं राहून वाचायचं आहे. तेव्हा कळावे की तुझं लेखी उत्तर, तुझ्या स्वतःच्या अक्षरात, बुधवार १५ जुलै १९९८ रोजी दुपारी बाराच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. फोन चालणार नाही. रजिस्टर कर.

तुझी,
बहिय्या